दाजींची जीप

वडगाव रासाईला ताईकडे गेलो, तेव्हा दाजींची चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप खड्ड्यागणिक ‘खट्’ म्हणत होती. “पाटा तुटला असेल,” मी शहरी शहाणपणा केला. दाजींनी मागच्या पाट्याच्या टोकाशी पहार घालून किंचित उचलली. पाटा हलला, बोल्ट मात्र जागच्या जागी! “पाटा धड आहे. बुश गेलाय.”

बुश म्हणजे पाट्याच्या डोळ्यात बसणारी रबरी बांगडी. लोखंडाने लोखंड खाऊ नये, एवढेच तिचे काम. महिंद्रांनी पूर्वी मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली. त्या जुन्या जीपगाड्यांना आट्यांचे लोखंडी बुश असत, नि त्यांना वरचेवर ग्रीस पाजावे लागे. रबराला मात्र ग्रीस म्हणजे विषच. आमचे बुश बसले ते साबणाच्या पाण्याने. (साबण अर्थातच ताईचा!)

भीमाकाठची काळी माती भुसभुशीत. म्हणून जॅकखाली फळी आणि चासीखाली भक्कम ओंडके. नुसत्या जॅकच्या भरवशावर दाजी कुणालाही गाडीखाली शिरू देत नाहीत.

बुश बसले, मी उत्साहाने बोल्ट आवळला. “अरे, ढिला कर!” दाजी ओरडले. “चाकं अधांतरी आहेत. आता आवळलंस तर रबर याच स्थितीत जखडेल. गाडी टेकली की पिळा पडेल, नि थोड्याच दिवसांत फाटेल.”

चाके टेकली, मग बोल्ट आवळले.

संध्याकाळी नदीपर्यंत फेरी मारली. ‘खट्’ गेले, पण दाराची खडखड ऐकू येऊ लागली.

“ती उद्या,” दाजी म्हणाले.