आधी पेन्सिल, मग माऊस

दहावी-बारावीचे निकाल लागले, की घरोघरी एकच प्रश्न असतो : आता पुढं काय? चित्रं काढणाऱ्या मुलाच्या घरात तो जरा दबक्या आवाजात विचारला जातो. अलीकडं त्याचं उत्तर ते मूलच देऊन टाकतं, ‘मला अॅनिमेशन करायचंय.’ आई-वडील एकमेकांकडं बघतात. कॉम्प्युटर हा शब्द त्यांना दिलासा देतो आणि चित्रं हा शब्द काळजीत टाकतो.

मी कवितेचा माणूस. शिक्षण बी. ए. कॉम्प्युटरशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. पण माझ्या भाच्यानं हाच हट्ट धरला आणि मला या विषयात डोकं घालावं लागलं. त्याचे वडील, आमचे दुल्हेभाई, साइनबोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, सगळं हातानं. मग फ्लेक्स आला. चार दिवसांचं काम मशीन तासाभरात छापून देऊ लागलं आणि ब्रश डब्यात वाळून गेले. ते मला म्हणाले, ‘भाईजान, ज्या कॉम्प्युटरनं माझ्या हातातलं काम नेलं, त्याच्याच दारात पोराला पाठवू? आणि वर क्लासच्या फीसाठी कर्ज काढू?’

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी कॉम्प्युटर अॅनिमेशनमध्ये नेमकं काय चालतं, ते समजून घ्यायला हवं.

सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदात साधारण 24 चित्रं सरकतात. आपल्या डोळ्यांना ती वेगळी दिसत नाहीत, हालचाल दिसते. पूर्वी ही चित्रं हातानं काढत. कॉम्प्युटरवर आधी गोष्ट लिहिली जाते, मग ती चौकटी-चौकटींत रेखाटतात. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. पात्राचा कॉम्प्युटरमध्ये जणू मातीचा पुतळा घडवतात, ते मॉडेलिंग. त्या पुतळ्यात सांगाडा आणि सांधे बसवतात, ते रिगिंग. कळसूत्री बाहुलीला दोरे बांधावेत तसं. मग अॅनिमेटर येतो. पात्र कुठं थबकेल, कुठं वळेल, त्या मोक्याच्या मुद्रा तो ठरवतो. मधल्या मुद्रा कॉम्प्युटर भरतो. पण त्यानं भरलेली चाल यंत्रासारखीच असते. थकलेला म्हातारा आणि रुसलेलं पोर एकाच वेगानं मान वळवत नाहीत, हे माणसालाच सांगावं लागतं. शेवटी रंग, पोत, प्रकाश येतात आणि एकेक चित्र पक्कं होतं. त्याला रेंडरिंग म्हणतात. एकेका चित्राला कधी तासन्‌तास लागतात.

म्हणजे फ्लेक्सचं मशीन छापतं, इथं मात्र घडवावं लागतं. पूर्णपणे कॉम्प्युटरवर घडवलेला पहिला मोठा चित्रपट, ‘टॉय स्टोरी’, 1995 साली आला. तो लोकांना आवडला त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यातली जिवंत वाटणारी खेळणी.

आता एक उदाहरण सांगतो. संजय पटेल हा गुजराती आई-वडिलांचा मुलगा. इंग्लंडमध्ये जन्मला, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात वाढला. वडील मोटेल चालवत, रोज देवपूजा करत. मुलगा टीव्हीवर कार्टून बघे आणि चित्रं काढी. पुढं तो कॅलआर्ट्स या कलासंस्थेत अॅनिमेशन शिकला. 1996 साली ‘पिक्सार’ या स्टुडिओत लागला. दुसऱ्यांच्या चित्रपटांवर वर्षानुवर्षं काम केलं. स्वतःची फिल्म आली 2015 साली, म्हणजे 19 वर्षांनी : ‘संजयज् सुपर टीम’. अवघी सात मिनिटांची. सेकंदाला 24 चित्रं धरली तर दहा हजारांवर चित्रं! तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. आणि विषय कोणता? पूजा करणारे वडील आणि टीव्हीपुढं बसलेला मुलगा. लहानपणी ज्या घरापासून नजर दुसरीकडं जात होती, तेच घर शेवटी कामी आलं.

हे मी दुल्हेभाईंना सांगितलं. म्हटलं, खडूची दोरी मारून अक्षरांत अंतर सोडायला तुम्ही शिकलात, ते सॉफ्टवेअर शिकवत नाही. ते तुम्हीच शिकवा. कर्जाचा विचार वर्षभर पुढं ढकलला. पोरगा आता एसटी स्टँडवर बसून माणसं रेखाटतो. पिशवी उचलताना कंबर कशी वाकते, बस चुकली की खांदे कसे पडतात. रविवारी वडील त्याची वही तपासतात.

पालकांनी एवढं करावं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा मुलाला देऊ द्याव्यात. अहमदाबादची एनआयडी, पवईच्या आयआयटीतलं आयडीसी, अशा संस्थांची माहिती काढावी. तिथल्या प्रवेशपरीक्षांत चित्रांचीही कसोटी लागते. खासगी क्लासची फी भरण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांचं काम बघावं, त्यांना काय काम मिळालं ते त्यांनाच विचारावं. नोकरी मागताना प्रमाणपत्राइतकीच, बहुधा जास्तच, किंमत शोरीलला असते. शोरील म्हणजे आपल्या निवडक कामाची मिनिट-दीड मिनिटाची फिल्म. रात्री जागाव्या लागतात, काम पुष्कळदा प्रकल्पापुरतं असतं, हेही मुलाला आधीच सांगावं.

आता तर शब्द सांगितले की चित्र करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. सॉफ्टवेअर बदलत राहणार. आज शिकलेलं बटण उद्या नसेल. म्हणून ज्याच्या हाती फक्त बटण आहे, त्यानं घाबरावं. ज्याला चालणाऱ्या माणसाकडं बघता येतं, त्याला नवं बटण शिकायला फार तर महिना लागेल. तेव्हा मूल कॉम्प्युटर मागत असेल तर जरूर द्या. पण त्याआधी एक जाडजूड कोरी वही आणि दोन पेन्सिली द्या. वही भरली, तर पुढचा खर्च वाया जाण्याची भीती बरीच कमी होते.