सलाईनची बाटली आणि ओआरएसची पुडी

एखादा उपचार सिद्ध झाला, त्याच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, की डॉक्टर मंडळी तो वापरायला लागतात, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. का होत नाही, हे बघण्यासाठी आज आम्ही लहान मुलांच्या जुलाबांचं उदाहरण घेतलं आहे.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी सीमेजवळच्या बनगाव इथे निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ आली. सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण तयार केलं आणि ते पाजायचं काम सरळ नातेवाइकांवर सोपवलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के राहिलं. त्याआधी छावण्यांत ते ३० टक्क्यांच्या आसपास होतं. यात जादू काही नाही. कॉलऱ्यातही आतडं ग्लुकोजसोबत सोडियम शोषून घेतं आणि त्यामागोमाग पाणी जातं. ढाक्यातल्या प्रयोगांत हे आधीच दिसलं होतं.

तरी वैद्यकीय जगताला हे पटायला बराच वेळ लागला. शिरेतून दिलं तेच खरं औषध, ही समजूत पक्की होती. घोटाघोटानं पाजायचं पाणी म्हणजे गरिबाघरचा, नाइलाजाचा इलाज! (आपल्याकडे आजही ‘बाटली लावली’ म्हटलं की घरच्यांच्या जिवात जीव येतो, हेही मान्य करू.)

आता अलीकडचं बघा. २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी व्यावसायिकांचा अभ्यास आला. त्यात रीतसर पदवी नसलेलेही होते. मुलाला जुलाब होताहेत असं सांगणारी प्रशिक्षित माणसं पालक बनून त्यांच्याकडे पाठवली. ओआरएस का दिलं जात नाही, याची तीन कारणं तपासली. पुड्या संपलेल्या असणं हे कारण ६ टक्के भरलं. दुसऱ्या औषधांतून जास्त पैसे सुटतात, हे ५ टक्के. आणि ‘पेशंटला ओआरएस नकोच असतं’ हा डॉक्टरांचा समज? तब्बल ४२ टक्के.

आम्हाला यातली गंमत अशी वाटते, की या डॉक्टरांना माहिती नव्हती असं म्हणता येत नाही. ओआरएस चांगलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. नुसतं पाणी लिहून दिलं तर पुढच्या वेळी पेशंट शेजारच्या दवाखान्यात जाईल, ही धास्ती असते. मग अँटिबायोटिक लिहिलं जातं. अशा डॉक्टरला पुन्हा कार्यशाळेला बसवून ग्लुकोज-सोडियमचं गणित समजावलं, तर तो मान डोलावेल आणि सोमवारी पुन्हा तेच लिहील. आमच्या मते प्रशिक्षणाचा बराच पैसा इथेच वाया जातो.

त्याच अभ्यासात पालकानं स्वतःहून ओआरएस हवं असं सुचवलं, तेव्हा ते लिहून देण्याचं प्रमाण २७ टक्के-अंकांनी वाढलं. म्हणजे दवाखान्यात गेल्यावर ‘डॉक्टर, ओआरएस देऊ का? आणि झिंक किती दिवस द्यायचं?’ एवढं विचारायला हरकत नाही. झिंक १० ते १४ दिवस द्यायचं असतं. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायचं नाही.