वेलचेरीहून मरीनाला: एवढी वाळू आली कुठून?

"अगं, समुद्र कुठाय?"

चपला हातात घेऊन वाळू तुडवताना आईने विचारलेला हा पहिला प्रश्न. तिचं माहेर गुहागरचं. तिथे सुरूच्या बनातून बाहेर पडलं की पाणी पुढ्यातच. इथे रस्ता मागे पडून बराच वेळ झाला, बज्जीच्या गाड्या मागे गेल्या, हाताने फिरवायचे पाळणे गेले, तरी समोर आपली वाळूच.

चेन्नईत वेलचेरीला राहणाऱ्यांना मरीनाची चौपाटी तशी सोपी. 2007 मध्ये एमआरटीएसची लोकल आमच्यापर्यंत आली. उन्नत मार्गावरून बकिंगहॅम कालव्याची सोबत करत ती शहराच्या पोटात शिरते. लाइट हाउस स्थानकावर उतरायचं आणि पूर्वेला चालत सुटायचं. सुट्टीच्या संध्याकाळी डब्यातली निम्मी गर्दी तिथेच रिकामी होते.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र उत्तरेला, बंदरात आहे. जुन्या मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हतं. जहाजं खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, माल मसुला होड्यांतून किनाऱ्याला यायचा. फळ्यांना खिळे न मारता त्या काथ्याने शिवलेल्या असत, म्हणजे लाटेचा तडाखा बसला की फुटण्याऐवजी लवाव्यात. विलायतेहून आलेल्या गोऱ्या साहेबाची या शहराशी पहिली ओळख अशी भिजून, जीव मुठीत धरून व्हायची. 1876 मध्ये बंदराच्या भिंतींचं काम सुरू झालं. 1881 च्या चक्रीवादळाने त्या मोडल्या, पुन्हा बांधाव्या लागल्या.

या किनाऱ्यावर वर्षाचा बराच काळ लाटा दक्षिणेकडून तिरक्या येतात. प्रत्येक लाट वाळू थोडी उत्तरेला सरकवते. शतकानुशतकं हे चालू होतं. वाळू यायची आणि पुढे जायची. बंदराची भिंत समुद्रात आडवी शिरली आणि हा प्रवास अडला. दक्षिणेच्या अंगाला वाळू साचू लागली, समुद्र मागे हटत गेला. आज मरीनाची रुंदी सरासरी 300 मीटरच्या आसपास आहे. आम्ही तुडवत होतो ती पुळण अशी, बंदरामुळे आलेली. आईला हे सांगितलं तर ती थांबून पायाखाली बघायला लागली.

या किनाऱ्यावर फिरायला रस्ता करण्याची कल्पना गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांची. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचं वाटेल. 'मराठ्यांचा इतिहास' लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफ यांचे ते चिरंजीव. 1881 ते 1886 ते मद्रासला होते. त्यांनी किनाऱ्याला लागून विहाराचा रस्ता बांधून घेतला आणि सिसिलीच्या आठवणीने त्याला मरीना म्हटलं.

नाव इटालियन असलं तरी घाट विलायती. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्रस्नान, अगदी समुद्राचं पाणी पिणंसुद्धा, औषध म्हणून सांगितलं आणि ब्रायटनसारखं मासेमारीचं गाव श्रीमंतांचं हवा पालटायचं ठिकाण झालं. 1841 मध्ये तिथे लंडनहून रेल्वे पोचली, 1871 च्या कायद्याने बँकांना ठरावीक सुट्ट्या मिळाल्या, आणि पुढे कामगारही पोराबाळांसकट समुद्रावर येऊ लागले. फिरायला रस्ता, बसायला बाकं, मत्स्यालय, पोरांसाठी गाढवावरची रपेट, तळलेल्या माशांचा वास. मरीनावरही 1909 मध्ये मत्स्यालय झालं. गाढवाच्या जागी इथे घोडा आहे, माशाबरोबर मिरचीची बज्जी. पुरचुंडीतलं सुंडल खाऊन आईने लगेच निकाल दिला: "ही आपल्या वाटाण्याच्या उसळीची बहीण. खोबरं, कैरी, सगळं आहे."

एक गोष्ट मात्र विलायतेची इथे चालत नाही, ती म्हणजे पोहणं. पाण्याखालची ओढ जबर आहे. दक्षिणेला बेझंट नगरच्या इलियट्स बीचवर एक पांढरी कमान उभी आहे. 1930 च्या डिसेंबरात इतरांना वाचवताना बुडालेल्या श्मिट नावाच्या माणसाचं ते स्मारक. तिथे कमानीला टेकून फोटो काढणारी मुलं दिसतात; त्यांना कुणीतरी ही हकिगत सांगायला हवी असं मला दर वेळी वाटतं. चेन्नईकर घोटाभर पाण्यात उभे राहतात, साडी थोडी वर धरतात, लाट आली की ओरडतात. आईही तशीच उभी राहिली, माझा हात घट्ट धरून.

परतताना ती म्हणाली, "इकडची वाळू अडली, मग पलीकडे काय झालं?"

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही लाइट हाउसला उतरलोच नाही. थेट शेवटच्या स्थानकापर्यंत गेलो. त्याचं नाव बीच. एके काळी समुद्र या रस्त्यापर्यंत होता, म्हणून हे नाव. आता समोर बंदर आहे. तिथून रिक्षाने रायपुरमच्या पुढे, कासिमेडूकडे. मरीनाला वाळू मिळाली, पण या बाजूला येणारी तुटली आणि समुद्र जमीन खात आत आला. मच्छीमारांच्या वस्त्यांनी याची किंमत मोजली आहे, आणि मरीनाच्या कौतुकात त्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही. लाटा थोपवायला इथे किनाऱ्यावर मोठमोठे दगड रचलेत. वाळू अशी नाहीच. त्या दगडांवर कुणीतरी निळी जाळी वाळत घातली होती आणि एक बाई त्यांची भोकं सांधत बसली होती. आई तिच्याजवळ गेली. तमिळ तिला येत नाही. तिने जाळ्याचं टोक उचलून हातात धरलं, आणि त्या बाईने सरकून तिला बसायला दगडावर जागा करून दिली.