शंकेला सोबत हवी

श्रद्धेविषयीच्या प्रश्नाला घरात उत्तर मिळाले नाही, तर मुलगा ते अन्यत्र शोधील. परंतु प्रश्न विचारण्याचीच चोरी झाली, तर तो एकाकी होतो. बर्ट्रांड रसेल यांचे कुमारवय याची साक्ष देते. आईवडील लहानपणीच निवर्तल्यामुळे ते रिचमंड येथे धर्मनिष्ठ आजीपाशी वाढले. ख्रिस्ती श्रद्धेविषयीच्या शंका तेथे उच्चारण्याची सोय नव्हती. म्हणून १८८८ साली, पंधराव्या वर्षी, त्यांनी त्या एका वहीत उतरविण्यास प्रारंभ केला. वहीवर नाव ‘ग्रीकचा अभ्यास’. आत लिपी ग्रीक, भाषा मात्र इंग्रजी! इच्छास्वातंत्र्य, आत्म्याचे अमरत्व यांवरील विश्वास ढळला. अठराव्या वर्षी मिल यांचे आत्मचरित्र वाचून ईश्वरावरीलही उडाला.

१८९० साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि ही कोंडी फुटली. त्याच वर्षी आलेले चार्ल्स सँगर त्यांचे मित्र झाले. पुढे मित्र झालेले क्रॉम्प्टन लेवेलिन डेव्हिस तर एका धर्मोपदेशकाचे पुत्र. या मंडळींत वाद होत, पण विचारापायी माणूस परका होत नसे.

सहमती आणि स्वीकार या भिन्न गोष्टी होत. मित्रांनी रसेल यांची श्रद्धा मोडली नाही; ती आधीच ढळली होती. त्यांनी दिला तो मोकळेपणा. जो मोकळेपणा मित्र देऊ शकतात, तो पालकांना व शिक्षकांना का देता येऊ नये? श्रद्धा दृढ असेल, तर तिला कोवळ्या वयाच्या प्रश्नाचे भय बाळगण्याचे कारण नाही.