प्रकाशाचं उलटं नरसाळं

बालमित्रांनो, अरुंद तोंडाच्या बाटलीत तेल ओतायला आई काय वापरते? नरसाळं! काचतंतूतला प्रकाश सिलिकॉनच्या चिपमध्ये भरतानाही अशीच अडचण येते. तंतूतल्या प्रकाशाचा ठिपका सुमारे १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. चिपवरची प्रकाशाची वाट मात्र जेमतेम अर्धा मायक्रॉन रुंद! तंतू नुसता टेकवला, तर बहुतेक प्रकाश बाहेर सांडतो आणि त्यातून जाणारा संदेश क्षीण होतो.

मग वाटेचं तोंड रुंद करायचं? छे! शास्त्रज्ञांची एक युक्ती अगदी उलटी आहे. ते टोक आणखी निमुळतं करतात, सुमारे ०.१ मायक्रॉन! एवढ्याशा टोकात प्रकाश मावत नाही, तो भोवती पसरतो. म्हणजे तिथला ठिपका मोठा होतो. तंतूच्या टोकाला भिंगाचा आकार देऊन त्याचा ठिपका लहान करतात. दोघांचं जुळलं, की प्रकाश अलगद शिरतो आणि वाट हळूहळू रुंदावते तसा आत गोळा होतो.

आहे की नाही गंमत?