कल्याणकारी राज्यात सुखवस्तू माणसाला काय मिळते?

कल्याणकारी राज्य म्हणजे श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आपल्या समाजातील नोकरी-व्यवसायात स्थिरावलेले काही बांधवही म्हणतात, "आम्ही खाजगी दवाखान्यात जातो, मुले खाजगी शाळेत शिकतात. सरकारी व्यवस्थेशी आमचा काय संबंध?" अमेरिका व स्वीडन येथील सुखवस्तू वर्गाची तुलना केल्यास याचे उत्तर मिळते.

अमेरिकेत अशा माणसाच्या हाती पैसा अधिक उरतो. कर तुलनेने कमी, घरे मोठी. परंतु १९६५ साली सुरू झालेल्या मेडिकेअर व मेडिकेड या सरकारी योजना मुख्यतः वृद्धांसाठी व गरिबांसाठी आहेत. इतर बहुतेकांचा आरोग्यविमा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की विम्याचीही चिंता. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने बाळंतपणासाठी १२ आठवडे रजा मिळते, पण ती बिनपगारी.

स्वीडनमध्ये करांचा बोजा जड आहे. मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २५ टक्के आहे. घरकामाला माणूस ठेवणे महाग पडते आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियेसाठी थांबावेही लागते. मात्र एका मुलामागे आई-वडिलांना मिळून ४८० दिवसांची भत्त्यासह रजा मिळते. देशातील विद्यार्थ्यांना विद्यापीठात शिक्षणशुल्क नाही. अधिकारी असो वा कामगार, दोघांची मुले या व्यवस्थेची सारखीच हक्कदार असतात.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिका व १६ युरोपीय देशांतील ५० ते ८५ वर्षे वयाच्या सुमारे ७४ हजार लोकांची संपत्तीनुसार तुलना होती. युरोपातील श्रीमंतांच्या मानाने अमेरिकेतील श्रीमंत कमी जगतात. इतकेच नव्हे, तर त्यांचे जगण्याचे प्रमाण वायव्य युरोपातील सर्वांत गरीब गटाच्या जवळपास आढळले. याला आहार, सवयी अशी इतरही कारणे असू शकतात. तथापि केवळ पैशाने आयुष्य विकत घेता येत नाही, हे यातून दिसते.

तथागतांनी हा विचार फार पूर्वी मांडला. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की, दंड करून चोऱ्या थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल व राजसेवकाला वेतन द्यावे. राजाने तसे केल्यावर लोक घराची दारे उघडी ठेवून राहू लागले. ज्याच्या घरात चोरीला जाण्यासारखे काही आहे, त्याला या उघड्या दाराचे सुख अधिकच नाही काय?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये प्रत्येक प्रौढ नागरिकाला राज्यामार्फत आयुर्विमा सक्तीचा करावा, असे सुचविले. त्यात गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. म्हणून सुस्थितीतील बांधवांनी सरकारी शाळा व रुग्णालयांकडे पाठ फिरवू नये. त्यांच्या सुधारणेचा आग्रह धरणे, हे दुसऱ्यावर उपकार नसून स्वतःच्या घराचेही रक्षण आहे. विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचा अवश्य अभ्यास करावा.