पारलौकिक ध्वनिमुद्रणाची घरगुती साधने

पारलौकिक ध्वनिमुद्रणाची घरगुती साधने म्हणजे मृत व्यक्तींचे किंवा अन्य अदृश्य शक्तींचे मानले जाणारे आवाज टिपण्याच्या हेतूने हौशी व्यक्तींनी स्वतः तयार केलेले मायक्रोफोन, रेडिओग्राहक व त्यांना जोडलेली उपकरणे होत. अशा मुद्रणांत ऐकू येणाऱ्या कथित आवाजांना इलेक्ट्रॉनिक व्हॉइस फेनॉमेनन, संक्षेपाने ईव्हीपी, असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेपरेकॉर्डर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर हा छंद युरोप व अमेरिकेत पसरला. या साधनांद्वारे मृतांशी संपर्क साधता येतो याला वैज्ञानिक पुरावा मिळालेला नाही. तथापि ही साधने काहीतरी निश्चितपणे टिपतात. ते नेमके काय असते, हा प्रश्न मायक्रोफोनचे कार्य आणि मानवी श्रवण या दोन्हींच्या अभ्यासाशी निगडित आहे.

इतिहास

यंत्राच्या साहाय्याने मृतांशी संवाद साधण्याची कल्पना ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळापासून आढळते. अमेरिकन संशोधक थॉमस एडिसन यांनी १९२० मध्ये एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत अशा उपकरणाविषयी विचार व्यक्त केला होता. मात्र त्यांनी ते तयार केल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.

अमेरिकेत अटिला फॉन सालाय यांनी १९४१ पासून तबकडीवर आवाज कोरणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने असे प्रयत्न केले. १९५६ पासून त्यांनी रेमंड बेलिस यांच्यासमवेत टेपरेकॉर्डर वापरला. ध्वनिरोधक अस्तर असलेल्या पेटीत मायक्रोफोन ठेवून तो बाहेरील ध्वनिमुद्रक व ध्वनिक्षेपक यांना जोडणे, ही त्यांची खास बनवून घेतलेली रचना होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये, हा पेटीमागील हेतू होता. या प्रयोगांचा वृत्तांत १९५९ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी स्वीडनमधील चित्रकार व चित्रपटनिर्माते फ्रीडरिश युर्गेन्सन (१९०३–१९८७) पक्ष्यांचे आवाज मुद्रित करीत असताना त्यांना टेपवर मानवी आवाज ऐकू आल्याचे त्यांनी सांगितले. पुढील मुद्रणांत आपल्या दिवंगत आईचा आवाज असल्याचाही त्यांचा दावा होता. त्यांच्या कार्याने प्रभावित झालेले लात्व्हियन मानसशास्त्रज्ञ व लेखक कॉन्स्टान्टिन राउदिवे (१९०९–१९७४) यांनी मोठ्या संख्येने मुद्रणे केली व १९६८ मध्ये त्यांवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. १९७१ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाल्यावर हा विषय इंग्रजी भाषक जगात सर्वतोमुखी झाला. राउदिवे यांच्या मते हे आवाज एकाच छोट्या वाक्यात अनेक भाषांतील शब्द मिसळून बोलत असत. राउदिवे स्वतः बहुभाषी होते, आणि श्रोत्याला जितक्या अधिक भाषा अवगत तितके अर्थहीन ध्वनीला शब्द मानणे सोपे जाते, याकडे टीकाकारांनी लक्ष वेधले.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज मीक व विल्यम ओ'नील यांनी 'स्पिरिकॉम' हे उपकरण पुढे आणले. प्रौढ पुरुषाच्या आवाजाच्या कंप्रतापट्ट्यातील १३ सूर ते एकत्र निर्माण करीत असे. मृत व्यक्ती या सुरांना शब्दांचा आकार देतात, असा दावा होता. मीक यांनी उपकरणाची रचना सर्वांसाठी खुली केली, परंतु ती वापरून इतरांना तसे संवाद मिळाले नाहीत. २००२ मध्ये फ्रँक सम्प्शन यांनी रेडिओकेंद्रांवरून सतत सरकत राहणारी पेटी तयार केली. 'घोस्ट बॉक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुढील उपकरणांचा तो मूळ नमुना मानला जातो.

साधनांचे प्रकार व कार्य

इलेक्ट्रेट मायक्रोफोन

घरगुती मायक्रोफोनमध्ये सर्वाधिक वापर इलेक्ट्रेट कॅप्सूलचा होतो. गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी बेल प्रयोगशाळेत १९६२ मध्ये हा प्रकार विकसित केला. यात कायमस्वरूपी विद्युतभारित पातळ पटल ध्वनीमुळे कंप पावते आणि त्या कंपनातून निर्माण होणारा विद्युतसंकेत आतील छोट्या ट्रान्झिस्टरमार्फत बाहेर दिला जातो. कॅप्सूलला सुमारे २ ते १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून काही व्होल्टचा पुरवठा देतात व १ ते १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून संकेत बाहेर काढतात. एवढे भाग व एक बॅटरी यांवर चालणारा मायक्रोफोन शाळकरी विद्यार्थीही बनवू शकतो.

या कॅप्सूलची मर्यादा तिच्या स्वतःच्या गोंगाटात आहे. स्वस्त कॅप्सूलचा अंगभूत गोंगाट साधारणपणे ३२ ते ३६ डेसिबल ध्वनिपातळीइतका असतो, तर रात्री शांत शयनगृहातील ध्वनिपातळी ३० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजेच शांत खोलीत अ‍ॅम्प्लिफायरची पातळी पूर्ण वाढवली असता जी सळसळ ऐकू येते, तिचा मोठा भाग मायक्रोफोनचाच असतो. गोंगाट कमी करण्यासाठी जाणकार अनेक कॅप्सूल एकत्र जोडतात. कॅप्सूलची संख्या दुप्पट केली की संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर सुमारे ३ डेसिबलने सुधारते. चार कॅप्सूलने ६ डेसिबल लाभ होतो.

अन्वस्त तबकडी

दूरचे आवाज एकवटण्यासाठी मायक्रोफोन अन्वस्त, म्हणजे पॅराबोलिक, तबकडीच्या नाभीवर बसवतात. ध्वनीची तरंगलांबी तबकडीच्या व्यासापेक्षा लहान असेल तरच ती परिणामकारक ठरते. ५० सेंटिमीटर व्यासाची तबकडी सुमारे ७०० हर्ट्झच्या वरचे ध्वनीच चांगल्या प्रकारे एकवटते. पुरुषी आवाजाची मूळ कंप्रता साधारणपणे ८५ ते १८० हर्ट्झ असल्याने तो भाग मागे पडतो व उच्च कंप्रतेचे घटक पुढे येतात. त्यामुळे दूरवरचे साधे संभाषणही कुजबुजीसारखे, देहहीन भासू शकते.

पीझो चकती

बझरमधील पीझो चकती भिंतीला, फरशीला किंवा लाकडी वस्तूला चिकटवली की ती संपर्क मायक्रोफोनचे काम करते. ती हवेतील आवाजाऐवजी घन पदार्थातील कंपने टिपते. नळातून वाहणारे पाणी, शेजारच्या मजल्यावरील पावले, थंड होताना आकसणारे लाकूड यांचे आवाज तिच्यात स्पष्ट उमटतात. तिला सुमारे १ मेगाओहम किंवा त्याहून अधिक आगत रोध असलेला अ‍ॅम्प्लिफायर न जोडल्यास खालच्या कंप्रता गळून आवाज पातळ व विचित्र होतो.

तारेचे वेटोळे

लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेचे वेटोळे हा मायक्रोफोन नव्हे, तर चुंबकीय क्षेत्रातील बदलांचा ग्राहक आहे. जवळचे चार्जर, मोटारी व विजेच्या तारा यांचा गुणगुणाट त्यात येतो. ध्वनिक्षेपकाकडे जाणाऱ्या तारेतील किंवा दूरध्वनीतील विद्युतप्रवाहामुळे खरे मानवी बोलणेही त्यात ऐकू येऊ शकते. ते खोलीत कोणी बोलत नसताना ऐकू येत असल्याने गैरसमजास वाव मिळतो.

डायोड ग्राहक

राउदिवे यांच्या पद्धतींपैकी एकीत मायक्रोफोनच्या जागी काही सेंटिमीटर लांबीचा अँटेना व डायोड वापरला जात असे. विद्युत रचनेच्या दृष्टीने हा स्फटिक रेडिओचाच प्रकार होय. स्फटिकाच्या साहाय्याने विद्युतचुंबकीय तरंग ओळखण्याच्या तत्त्वावर जगदीशचंद्र बसू यांना १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते. एखादे केंद्र निवडण्याची सोय नसलेला असा ग्राहक जवळच्या सर्व प्रबळ केंद्रांचे तुटक अंश एकत्र देतो. साध्या मायक्रोफोनच्या बाबतीतही आवरण नसलेली लांब केबल अँटेनासारखी वागते व अ‍ॅम्प्लिफायरमधील पहिला ट्रान्झिस्टर नकळत डायोडचे काम करतो.

आवाजांचे भौतिक स्रोत

साधनाचा अंगभूत गोंगाट व रेडिओचा हस्तक्षेप यांखेरीज पुढील स्रोत आढळतात.

- स्वयंचलित पातळी नियंत्रण: खिशात मावणारे अनेक ध्वनिमुद्रक शांततेत आपली संवेदनशीलता आपोआप वाढवतात. त्यामुळे सळसळ, कपड्यांचा घासणारा आवाज किंवा मुद्रण करणाऱ्याचा श्वास मोठा होऊन येतो.
- टेपचे गुणधर्म: गुंडाळलेल्या टेपच्या एका थरावरील चुंबकांकन शेजारच्या थरावर पुसटपणे उमटते. जुनी टेप पुन्हा वापरल्यास आधीचे बोलणेही पूर्ण पुसले जात नाही.
- संगणकीय प्रक्रिया: गोंगाट कमी करणाऱ्या प्रणाली जोरात वापरल्या असता उरलेल्या ध्वनीत थेंबांसारखे किंवा चिवचिवाटासारखे सूर निर्माण होतात. त्यांचा चढउतार बोलण्याच्या लयीची आठवण करून देतो.
- वातावरण: निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. अशा वेळी ध्वनितरंग खाली वाकतात आणि दिवसा ऐकू न येणारे दूरचे बोलणे रात्री ऐकू येते. पारलौकिक मुद्रणे बहुधा रात्रीच केली जातात.

श्रवणाचे मानसशास्त्र

अस्पष्ट ध्वनीत शब्द ऐकू येणे हा आजार नसून सामान्य श्रवणाचाच भाग आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३६ मध्ये अस्पष्ट स्वरांच्या मालिका पुनःपुन्हा ऐकवल्या असता श्रोत्यांना त्यांत अर्थपूर्ण शब्द ऐकू आले. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी मुद्रित वाक्यातील एक ध्वनी काढून त्या जागी खोकल्याचा आवाज भरला. श्रोत्यांना वाक्य अखंडच ऐकू आले. मेंदू गाळलेली जागा अपेक्षेनुसार भरतो. या क्षमतेमुळेच बाजारातील गलबल्यात समोरच्याचे बोलणे समजते. ढगांत चेहरे दिसावेत तसे गोंगाटात शब्द ऐकू येणे यास श्राव्य पॅरेडोलिया म्हणतात.

सूचनेचा परिणाम येथे निर्णायक असतो. मुद्रण ऐकवण्यापूर्वी त्यातील कथित वाक्य सांगितले किंवा लिहून दाखवले, तर बहुतेकांना तेच ऐकू येते. मायकेल नीस व शार्लट फिलिप्स यांच्या २०१५ मधील अभ्यासात काही सहभागींना संशोधन पारलौकिक आवाजांविषयी असल्याचे, तर इतरांना गोंगाटातील भाषण ओळखण्याविषयी असल्याचे सांगितले होते. पहिल्या गटाने संदिग्ध ध्वनींत मानवी आवाज असल्याचे अधिक वेळा नोंदवले. ईव्हीपी अभ्यासकांतही आवाजांची स्पष्टतेनुसार अ, ब, क अशी प्रतवारी रूढ असून सर्वांना सारखाच ऐकू येणारा पहिल्या प्रतीचा आवाज विरळ असल्याचे ते मान्य करतात.

प्रायोगिक तपासणी

केंब्रिज येथील संशोधन शिष्यवृत्तीवर डेव्हिड एलिस यांनी १९७० पासून राउदिवे यांच्या दाव्यांचा अभ्यास केला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी हे आवाज बहुधा नैसर्गिक कारणांतून उद्भवत असल्याचे मत मांडले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ इमान्ट्स बारुश यांनी रिकाम्या कंप्रतेवर लावलेल्या रेडिओच्या साहाय्याने ८१ बैठकांत सुमारे ६० तासांचे मुद्रण केले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आवाजसदृश ध्वनी काही ठिकाणी आढळले, परंतु त्यांतील एकही निःसंशय असामान्य नव्हता.

नियंत्रित मुद्रणाची पद्धत

घरगुती साधनाने केलेल्या मुद्रणाची विश्वासार्हता तपासण्यासाठी तुलनेची सोय आवश्यक असते. खऱ्या मायक्रोफोनसोबत तशाच रचनेचे दुसरे साधन ठेवून त्यात कॅप्सूलऐवजी तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर बसवतात. हे साधन हवेतील आवाज ऐकूच शकत नाही. त्यातही 'आवाज' आल्यास तो परिपथातून किंवा रेडिओतून आला असला पाहिजे. याशिवाय शील्डेड केबल व धातूची पेटी वापरणे, स्वयंचलित पातळी नियंत्रण बंद ठेवणे, मूळ मुद्रण अबाधित राखणे आणि उपस्थितांच्या प्रत्येक हालचालीची वेळेसह नोंद करणे अपेक्षित असते. मुद्रण ऐकणाऱ्यांना ठिकाण वा उद्देश न सांगता, त्यांनी स्वतंत्रपणे लिहिलेले शब्द जुळतात का हे पाहिले जाते. श्रोत्यांना ऐकवल्या जाणाऱ्या तुकड्यांत निव्वळ गोंगाटाचे तुकडेही मिसळावे लागतात. त्याशिवाय अंदाजाने किती शब्द 'सापडतात' हे कळत नाही.

सामाजिक पैलू

या साधनांकडे वळणाऱ्यांत कुतूहल असलेल्या हौशी व्यक्तींबरोबर आप्तांच्या मृत्यूने शोकग्रस्त झालेल्यांचाही समावेश असतो. काहींना अशा मुद्रणांतून सांत्वन मिळते. तथापि प्रिय व्यक्तीचा आवाज ऐकण्याची तीव्र इच्छा हीच सर्वांत प्रबळ सूचना असते, आणि त्याच मनःस्थितीचा लाभ घेऊन शुल्क आकारून 'संदेश' मिळवून देणारे किंवा खास उपकरणे विकणारेही आढळतात. अशा उपकरणांतील भाग बहुधा वर वर्णन केलेल्या साध्या परिपथांतीलच असतात. ते स्वतः जोडून पाहिल्यास उपकरण काय करू शकते व काय करू शकत नाही, हे ताडून पाहता येते.

अन्य उपयोग

हेच घरगुती मायक्रोफोन निसर्गध्वनींच्या मुद्रणात उपयुक्त आहेत. पक्ष्यांच्या आवाजांसाठी अन्वस्त तबकडी, तर कीटकांची किंवा पुलांच्या तारांची कंपने ऐकण्यासाठी पीझो चकती वापरली जाते. शालेय प्रकल्पांत ध्वनी, विद्युत व संकेत-गोंगाट गुणोत्तर या संकल्पना समजावण्यासाठीही ही साधने सोयीची ठरतात.

हे सुद्धा पहा

- मायक्रोफोन
- ध्वनिमुद्रण
- पॅरेडोलिया
- परामानसशास्त्र
- छद्मविज्ञान